दोन बोटांची जागा

१

पारवी घोडीला उद्या सकाळी मारून टाकायचं, हे दुपारपर्यंत तबेल्यात ठरूनही गेलं होतं.

घोडी पिसाळली, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. सकाळी परगावचे पाहुणे संघासाठी स्वार निवडायला आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत, रिंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पारवी एकाएकी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तशीच पाठीवर उलटली. तिच्या पाठीवर ठकू होती. घोडी उठली. ठकू उठली नाही.

ठकूची मावशी दवाखान्यातून निघाली ती घरी न जाता थेट तबेल्यावर आली. डॉक्टरांचे शब्द तिच्या कानात तसेच होते. कमरेचं हाड मोडलंय, जीव वाचेल, पुढे काठी घेऊन चालेलही, पण घोड्यावर बसण्याचं आता विसरा. बहीण गेल्यापासून ही पोर मावशीच्याच घरात, तिच्या कामाच्या टेबलाखाली चामड्याच्या तुकड्यांशी खेळत वाढली होती. मावशीला दुसरं मूलबाळ नव्हतं.

घोड्यांची मापं घेऊन लगाम बसवणं हा मावशीचा धंदा. पन्नाशी उलटलेली, हात कमावलेल्या चामड्यासारखे आणि जीभ त्याहून कडक. आसपासच्या तबेल्यांत तिच्याशिवाय नवा लगाम चढत नसे. घोड्याच्या जबड्याची रुंदी, जिभेची जाडी, टाळूची उंची बघून ती तोंडातली कडी निवडायची, कानांमागचा पट्टा मऊ करायची आणि शेवटी नाकावरून जबड्याभोवती जाणारी नाकपट्टी बांधून तिच्याखाली स्वतःची दोन बोटं सरकवायची. बोटं आरामात गेली तरच काम पुरं झालं. घोड्याला जबडा हलवता आला पाहिजे, कडी चघळता आली पाहिजे. तोंड आवळलेला घोडा शहाणा झालेला नसतो, नुसता गप्प झालेला असतो, असं ती तोंडावर सुनवायची. त्यावरून तिचं नावच पडलं होतं, दोनबोटी मावशी.

"तुमचा आजचा दिवस वाईट आहे, मी समजू शकते," तबेल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. त्या मावशीच्या डोळ्यांना डोळे देत नव्हत्या. "पण जी घोडी माणसावर उलटते ती परत उलटते. उद्या सकाळी घोड्यांचे डॉक्टर येतील."

"सकाळपर्यंत मला कुणी अडवायचं नाही, एवढंच मागते."

"बघा काय बघायचं ते."

मावशी सामानाच्या खोलीत गेली. पारवीचा लगाम खुंटीवर होता. कडी तिनं निवडलेलीच होती, सगळी बक्कलं तिनंच ठरवलेल्या भोकांत होती. कुठे तुटलं नव्हतं, उसवलं नव्हतं. ती पारवीकडे गेली. घोडीनं तिला ओळखलं, ओठ उघडू दिले, जिभेखाली बोट घालू दिलं. तोंडात साधा ओरखडाही नव्हता. पण मावशीचा हात नाकाकडे सरकला तशी घोडीनं मान हिसडून घेतली.

तिला गोंजारून, समजावून, मावशीनं नाकाच्या हाडावरचे केस बाजूला केले. तिथे वाळलेल्या रक्ताचा एक थेंब होता, मसूरडाळीएवढा. घोडीला काहीतरी टोचलं होतं. आणि नेमकं तिथे, जिथे मावशीनं स्वतः मापानं केलेली नाकपट्टी बसत होती.

२

लगाम घेऊन मावशी खिडकीपाशी बसली. नाकपट्टीच्या आतल्या मऊ अस्तरावरून तिनं अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. मग तिनं जोर लावून दाबला, आणि अंगठ्यावर रक्त आलं.

टाके उसवून बघितलं तर अस्तराच्या आत चामड्याच्या चकतीवर एक चुका बसवलेला होता, जोड्याच्या टाचेला ठोकतात तसला बारीक खिळा, टोक घोडीच्या नाकाकडे करून. तो इतका खोल होता, की पट्टी सैल असेपर्यंत कुणाला जाणवणार नव्हता. पट्टी आवळली की अस्तर दबायचं आणि टोक वर यायचं.

ज्यानं हे केलं होतं त्यानं जुने टाके कापून, जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी नवे टाके घातले होते. मावशीला स्वतःला ते पहिल्या नजरेत कळले नव्हते, म्हणजे काम करणारा कच्चा नव्हता.

तिनं पट्टीचं टोक उजेडात धरलं. ठकू रोज पट्टी दुसऱ्या भोकात बांधायची. तिथे बक्कलाची जुनी, गुळगुळीत घडी होती. पण शेवटच्या भोकापाशीही एक घडी पडली होती. ताजी, चामड्याचा रंग फुटलेली. कुणीतरी ही पट्टी आज सकाळी शेवटपर्यंत आवळली होती, आणि नंतर परत दुसऱ्या भोकात घालून साळसूदपणे खुंटीला लावली होती.

रडणं तिला दवाखान्यातही आलं नव्हतं, आताही आलं नाही. तिनं चुका जागेवर ठेवला, खिशातून सुया काढल्या आणि अस्तर होतं तसं शिवून टाकलं.

"काट्यानं काटा काढतात म्हणे," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. "ज्यानं हा लावला, त्याच्या मांसात तो जाईल. माझ्या हातानं."

दारात कुणीतरी खाकरलं.

३

तो म्हातारा मोतद्दार होता. पारवीला शिंगरू असल्यापासून त्यानंच पोसलं होतं. त्याचे डोळे सुजले होते.

"काका, सकाळी लगाम कुणी चढवला?"

"ठकूनंच. रोजच्यासारखा. मी शेजारी उभा होतो." तो खोगिरं ठेवायच्या लाकडी घोडीवर टेकला. "आज पारवीवर उस्ताद बसणार होते ना. आठवडाभर तेच चाललं होतं, पाहुण्यांसमोर मीच बसणार म्हणून. राबायचं शिकणाऱ्या पोरीनं आणि मिरवायचं शिकवणाऱ्या ह्यांनी. आले, नाकपट्टी धरली आणि खसकन शेवटपर्यंत ओढली. त्यांची सवयच ती. घोड्यानं तोंड उघडलेलं त्यांना खपत नाही, स्पर्धेत गुण जातात म्हणे."

"मग ठकू कशी बसली?"

"ऐन वेळेला मालकीणबाईंचा निरोप आला. पाहुण्यांना पोरीलाच बघायचंय. उस्तादांचं तोंड असं झालं, जसं काही एरंडेल प्यायलेत. ठकू म्हणाली, पट्टी सैल करते. ते म्हणाले, मी बांधलेल्या पट्टीला हात लावायचा नाही, नाहीतर मीच बसतो. पोर घोडीकडे बघत राहिली. मग काही न बोलता चढली."

"आणि नंतर लगाम कुणी उतरवला?"

"मी पोरीकडे धावलो होतो. घोडी उस्तादांनीच धरली, लगाम त्यांनीच आणून टांगला."

मावशीनं ते मनात टिपून ठेवलं. "शेवटी तुम्हाला काय दिसलं?"

मोतद्दारानं हातानं दाखवलं. "कोपऱ्यात गेल्यावर ती मानेवर वाकली. हात असा पारवीच्या गालाकडे नेला. आणि त्याच क्षणाला घोडी उभी राहिली."

म्हाताऱ्याला शिवता येत होतं, पण त्यानं सांधलेल्या पट्ट्या शेजारच्याच खुंट्यांवर होत्या. गोधडीला घालावेत तसले टाके. मावशीनं त्याला मनातून सोडून दिलं.

मालकीणबाईंचे जावई अंगणात उभे होते. ठकू नसती तर संघातली जागा त्यांना मिळाली असती, आणि आता ती मिळणारच होती. चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट बसलं नव्हतं, मापाबाहेरच्या जोड्यासारखं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण खरं सांगू का मावशी, चूक तिचीच. भर रिंगणात शिकाऊ पोरीसारखी मानेवर वाकायची काय गरज होती?"

"तुम्हाला फायदाच झाला म्हणा."

जावईबापूंचे कान लाल झाले. "मला तिची जागा हवी होती. नाही कशाला म्हणू? पण जिंकून. आणि तिला पाडायचंच असतं तर पारवीवर कशाला पाडेन? त्या घोडीवर तिचा हात पिसासारखा असतो. पारवीला लगाम लागलाय हेसुद्धा कळत नाही."

तो माणूस मावशीला कधीच आवडला नव्हता. पण तो आत्ता जे बोलला त्यानं तिच्या डोक्यात कुठेतरी खडा लागला. इथेच घोडं पेंड खात होतं. ठकूच्या हलक्या हातानं हा चुका कधी टोचलाच नसता. मग तो कुणासाठी लावला होता?

४

उस्ताद आपल्या खोलीत बूट पुसत बसले होते. भिंतीवर त्यांचे चषक आणि फोटो, घोड्यांचे नाही, त्यांचेच.

"या," ते उठले नाहीत. "तुमच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. लगाम तुमचा, मापं तुमची. चौकशी झाली तर पहिलं बोट तुमच्याकडेच जाईल, हे ध्यानात असू द्या."

"नाकपट्टी कुणी आवळली?"

"कुणी नाही. मी त्या लगामाला हातही लावलेला नाही."

"मोतद्दार म्हणतात..."

"मोतद्दाराला संध्याकाळी स्वतःचं नाव आठवत नाही." उस्तादांनी बूट उलटा करून पाहिला. "तुमचं लाडकं गाणं मला पाठ आहे, बाई. दोन बोटं, मऊ कडी, घोड्याला काय वाटतं. तुमच्या भाचीनंही तेच आरंभलं होतं. काजळ्या गेला तेव्हाही माझ्याकडे असंच बघत होती, जणू मीच त्याचा जीव घेतला."

"काजळ्या कशानं गेला?"

"स्वतःची जीभ चावली त्यानं. घोडे चावतात."

मावशी काजळ्याला ओळखत होती. ठकू पहिल्यांदा पाठीवर बसली ती त्या काळ्या घोड्याच्या. तो गेला तेव्हा ठकू आठ दिवस जेवली नव्हती, आणि का, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर पडताना मावशीनं मोतद्दाराला गाठलं. "काका, काजळ्याची जीभ."

म्हातारा इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात बोलला. "पीळ घातलेल्या तारेची कडी होती, उस्तादांची. जीभ अर्धी कापली गेली. रक्त दिसू नये म्हणून वरून तोंड आवळून बांधलं आणि तसाच फिरवला. सोडलं तेव्हा ठकूच्या ओंजळीत रक्त पडलं. त्यांनी तिला बजावलं होतं, बोललीस तर परत घोड्यावर बसू देणार नाही."

मावशी दवाखान्यात पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. ठकूला शुद्ध आली होती. चेहरा चादरीइतकाच पांढरा.

"मावशी, पारवी?"

"आहे. उभी आहे, खातेय."

"तिच्या नाकाला खोल लागलंय का गं?"

"नाही. खोल नाही," मावशी म्हणाली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. परिचारिकेनं तिला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मग तिच्या लक्षात आलं. नाकाचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मोतद्दाराला नाही, मालकीणबाईंना नाही. अख्खा तबेला घोडी पिसाळली म्हणत होता. नाकावर जखम आहे हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती स्वतः. आणि दुसरं, ज्यानं चुका लावला ते माणूस.

५

बाकावर बसून मावशीनं सगळं परत मांडलं, उसवलेला लगाम मांडावा तसं.

चुका लावणाऱ्याला एक पक्कं माहीत होतं. पट्टी दुसऱ्या भोकात असेल तर घोडीला काही होणार नाही. म्हणजे त्याला घोडीची काळजी होती. पट्टी शेवटपर्यंत आवळणारा तबेल्यात एकच माणूस होता, म्हणजे सापळा त्याच्यासाठी होता. आणि जुन्या भोकांतून दोन सुयांनी टाका घालायला आख्ख्या पंचक्रोशीत चारच हातांना येत होतं. त्यातले दोन हात आत्ता तिच्या मांडीवर पडले होते. दुसऱ्या दोन हातांना तिनंच शिकवलं होतं, टेबलाखालून बाहेर काढून, शेजारी बसवून.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिला वाटलं उठावं आणि चालू पडावं. पण ती उठली आणि आत गेली.

"चुका तू लावलास," ती म्हणाली.

ठकूनं डोळे मिटले. मग मान हलवली.

"का?"

"काजळ्यासाठी." आवाज कोरडा होता. "ते पाहुण्यांसमोर बसणार होते. पट्टी आवळणार, मग लगाम ओढणार. पारवीनं त्यांना फेकून द्यावं, सगळ्यांसमोर, चिखलात. मला ते बघायचं होतं."

"मेला असता तर?"

"काल विचारलं असतंस तर म्हणाले असते, मरू दे."

"आणि पारवी?"

"एकदा टोचेल, असं वाटलं होतं. एकदाच. काजळ्याला रोज टोचत होतं. पण त्यांनी पट्टी ओढली आणि तिनं माझ्याकडे बघितलं, मावशी. मला वाटायला लागलं हे नको, हे काढलं पाहिजे. मी म्हटलं सैल करते. ते म्हणाले, नाहीतर मी बसतो. ते बसले असते तर त्यांनी तिचं नाक फाडलं असतं. म्हणून मी बसले. वाटलं, हात अगदी सोडून देते, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि वाकून बक्कल काढते."

मावशीला तो कोपरा दिसला. मानेवर वाकलेली पोर, गालाकडे गेलेला हात. आणि बक्कल. कुठलंही बक्कल सोडायचं तर आधी पट्टा क्षणभर अजून ओढावा लागतो. त्याशिवाय काटा भोकातून निघत नाही. तोवर नुसतं टेकलेलं टोक त्या ओढण्यानं हाडापर्यंत गेलं. पोर घोडीला सोडवत होती, आणि त्या सोडवण्यानंच ती उलटली.

"तू शपथ घेतली असशील," ठकू म्हणाली. "ज्यानं केलं त्याला सोडणार नाही म्हणून. ओळखते मी तुला."

"घेतलीय."

"मग?"

मावशी उठली. "आधी उद्याची सकाळ."

६

सकाळी डॉक्टरांची गाडी यायच्या आधी तिनं सगळ्यांना सामानाच्या खोलीत बोलावलं. मालकीणबाई, जावई, मोतद्दार. उस्ताद शेवटी आले, दाराला टेकून उभे राहिले. टेबलावर मावशीनं लगाम बसवायचा आपला लाकडी ठोकळा ठेवला होता, घोड्याच्या नाकाच्या आकाराचा, आणि त्यावर पारवीची नाकपट्टी.

"बाई, घोडी पिसाळली नाही," ती मालकीणबाईंना म्हणाली. "ती दुखण्यानं उठली. नाकपट्टी शेवटच्या भोकात होती. ही ताजी घडी बघा."

मालकीणबाईंनी घडी बघितली, मग उस्तादांकडे.

"घड्या काय, कशाही पडतात," उस्ताद म्हणाले. "पट्टी दुसऱ्या भोकात होती. खुंटीवरही तशीच मिळाली, ह्याच म्हणाल्या असतील."

"तसं असेल तर माझंच माप चुकलं," मावशी म्हणाली. "मग दोष माझा. उस्ताद, तुम्हीच तपासा. पट्टी दुसऱ्या भोकात आहे. बोटं घालून बघा, जातात का."

उस्ताद हसले. सगळ्यांसमोर हिचं नाक कापायची संधी आयती चालून आली होती. पुढे येऊन त्यांनी दोन बोटं पट्टीखाली घातली.

"जातात. आरामात."

"काही टोचतंय?"

"काय टोचायचंय?"

"काढू नका." मावशीनं पट्टीचं टोक हातात घेतलं. "आता तुमचं भोक." आणि तिनं पट्टी खसकन शेवटपर्यंत ओढून बक्कल लावलं.

उस्तादांचं तोंड उघडलं. बोटं अडकली होती. त्यांनी हात मागे खेचला, ठोकळा टेबलावरून सरकला.

"थांबा, सोडवते," मावशी म्हणाली, आणि बक्कल सोडायला पट्टी आणखी ओढली. ती सावकाश ओढली. घाई करायचं तिला काहीच कारण नव्हतं.

उस्ताद ओरडले तो आवाज अंगणापर्यंत गेला असेल. बक्कल सुटलं तेव्हा त्यांच्या मधल्या बोटातून रक्ताची धार लागली होती.

"ह्यात काहीतरी आहे. काटा आहे ह्यात. मला अडकवायला कुणीतरी..."

"चुका आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही लावलेला नाही, मला ठाऊक आहे. पट्टी दुसऱ्या भोकात असती तर तो कुणाला लागलाही नसता. तुम्ही आत्ताच म्हणालात, काही टोचत नाही. मग पारवीला कसा टोचला, उस्ताद?"

"मी सांगतो," मोतद्दार म्हणाला. त्यानं सांगितलं. पट्टी कशी ओढली, पोर काय म्हणाली, लगाम कुणी टांगला. मग न विचारता त्यानं काजळ्याचंही सांगितलं, तारेची कडी, आवळलेलं तोंड, सगळं. म्हाताऱ्याचा आवाज थरथरत होता, पण एकही शब्द सांडला नाही.

मालकीणबाईंचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "मला सांगितलंत, जीभ त्यानं चावली," त्या उस्तादांना म्हणाल्या. "मी त्याच्या मानेवर हात ठेवून रडले होते. तुम्ही शेजारी उभे होतात." मग त्या मावशीकडे वळल्या. "पण हा चुका? तो कुणी लावला?"

मावशीनं ठोकळ्यावरची पट्टी सोडवून गुंडाळली. "ज्यानं लावला त्याला त्याची सजा मिळाली, बाई. कमरेचं हाड मोडून."

जावईबापूंनी खाली बघितलं. मोतद्दारानं तोंडावर हात घेतला आणि तो भिंतीशी बसला. मालकीणबाईंना कळायला एक क्षण जास्त लागला.

"ही पोर माझा जीव घेणार होती," उस्ताद म्हणाले. "मी पोलिसांत जातो."

"जा. चुका मीच देते बरोबर. फक्त तिथे आधी सांगावं लागेल, की तो तुमच्यासाठी का लावला, आणि तुम्ही पट्टी आवळल्याशिवाय तो टोचलाच कसा. लगामाला हातही लावला नाही म्हणालात तर तो तुमच्यासाठी नव्हताच. लावला म्हणालात तर पोर तुमच्या हातानं पडली. काय सांगणार ते ठरवून जा."

उस्तादांनी बोट मुठीत धरलं होतं. मुठीतून रक्त ठिबकत होतं. ते मालकीणबाईंकडे बघत राहिले, पण त्यांनी पाठ फिरवली होती.

"डॉक्टरांना म्हणावं परत जा," त्या मोतद्दाराला म्हणाल्या. "आणि ह्यांची खोली रिकामी करून घ्या."

७

उस्ताद पोलिसांत गेले नाहीत. दुसऱ्या एका तबेल्यात गेले. मागोमाग मावशी तिथे गेली आणि तिथल्या मालकाला म्हणाली, "जिथे हा माणूस, तिथे माझा हात लागणार नाही. आणि का, तेही सांगते." तिनं सांगितलं. मग तिसऱ्या तबेल्यात, मग चौथ्या. ओळखीच्यांनी समजावलं, झालं गेलं, माणसाचं पोट आहे. मावशीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या तबेल्याची वाट धरली. शेवटी उस्ताद कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या बातमीनं मावशीला जेवढं बरं वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटलं नाही. पण थोडं वाटलं. ते तिनं कुणापासून लपवलं नाही.

ठकू घरी आली. पहिले काही आठवडे मावशी तिला न्हाऊमाखू घालायची, उचलून बसवायची, भरवायची, पण कामापुरतंच बोलायची. एके दिवशी ठकूनंच विषय काढला.

"माझी सजा राहिलीय."

"राहिलीय खरी," मावशी म्हणाली, आणि तिला चाकांच्या खुर्चीत बसवून तबेल्यावर घेऊन गेली.

पारवीचं नाक बरं झालं होतं. जखमेच्या जागी पांढरे केस उगवले होते. मोतद्दाराकडून ती दोरीची मोहरकी तोंडावर चढवून घ्यायची, पण चामड्याची पट्टी दिसली की कान मागे टाकायची. मावशीनं तिच्यासाठी नवा लगाम केला होता, नाकपट्टी नसलेला. तो तिनं ठकूच्या मांडीवर ठेवला.

"हा तू चढवायचास. दुसऱ्या कुणी नाही."

ठकूनं हात पुढे केला. पारवी जवळ आली, तिनं बोटांचा वास घेतला, वास ओळखला, आणि मान वर उडवून तबेल्याच्या मागच्या भिंतीपर्यंत सरकली. तिथे उभी राहून ती ठकूकडे बघत राहिली. ठकूचा हात तसाच हवेत राहिला. मग तो मांडीवरच्या लगामावर आला.

"रोज यायचं?" तिनं विचारलं.

"रोज."

"कधीपर्यंत, मावशी?"

मावशीनं खुर्चीची चाकं अडकवली आणि बाहेर जायला वळली.

"तिला विचार," ती म्हणाली.